समुद्राची गोधडी

तर ऐका. समुद्राला लागून एक राज्य होतं, आणि त्या राज्याच्या अगदी टोकाला, पुळणीवर, येसूचं खोपटं होतं. पुळण म्हणजे वाळूचा काठ, हेही तुम्हाला सांगायला लागतं बाई! खोपट्याच्या पुढे वाळूचा उंच बांध होता, वाऱ्यानेच रचलेला. त्यावर मर्यादवेल पसरलेली, जांभळ्या फुलांची. येसू मासे सुकवायची आणि बाजारात विकायची. तिची एकुलती एक लेक सगुणा, ती खाडीपलीकडे दिलेली.

आता समुद्राची एक खोड होती, बरं का. पावसाळा लागला की तो पुळणीवरची वाळू ओढून न्यायचा. आणि दिवाळीपर्यंत लाटेलाटेने परत आणून घालायचा. गावाला त्याचं काही वाटायचं नाही.

मग झालं काय, जुना राजा गेला आणि त्याचा मुलगा गादीवर बसला. हा वाढला घाटावर, आजोळी. समुद्र कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, पण हौस दांडगी! महाल बांधला तो थेट पुळणीवर. पहिल्याच पावसाळ्यात सकाळी खिडकी उघडतो तर काय, काल होती ती वाळू आज नाही.

"चोरी!" राजा ओरडला. "समुद्राने माझी वाळू चोरली!"

मग त्याने दवंडी पिटवली, तीन दिवसांत वाळू परत करावी. समुद्राला काय दवंडी ऐकू येते? मग राजाने शिपाई उभे केले, गुडघाभर पाण्यात, भाले रोखून. एक लाट आली आणि सगळ्यांची पागोटी घेऊन गेली. हसू नका रे, त्यांना किती लाज वाटली असेल! मग मात्र राजा इरेला पेटला. बांधावरची वेल उपटली, केवडा तोडला, आणि महालापासून येसूच्या खोपट्याच्या जरा अलीकडेपर्यंत काळ्या दगडांची भिंत घालायला घेतली.

येसू सांगायला गेली. "महाराज, तो नेतो, पण आणून देतो हो. दर वर्षाचंच आहे."

राजा हसला. "येसूबाई, चोर कधी माल परत देतो का?"

भिंत उभी राहिली.

पुढचा पावसाळा आला. समुद्राने वाळू ओढायला हात घातला, तो दगडावर आपटला. पुन्हा घातला, पुन्हा आपटला. मग तो भिंतीच्या पायाशी खणायला लागला, आणि जिथे भिंत संपत होती तिथून वळून आत शिरला. आत म्हणजे कुठे? येसूच्या अंगणात! आषाढात तिचे दोन माड गेले. श्रावणात विहीर खारी झाली. भाद्रपदात पडवी गेली. आणि नेमका तेव्हाच सगुणाचा निरोप आला, "आये, मला दिवस गेलेत. दिवाळीला येते. बाळंतपण तुझ्याकडेच."

येसूने निरोप्याला गूळ-पाणी दिलं, "ये म्हणावं," असं सांगितलं, आणि आत जाऊन खूप रडली. लेक पहिल्यांदा बाळंतपणाला येणार, आणि माहेर म्हणून दाखवायला खोपटं तरी उरेल की नाही?

पण रडून भागतं का? दुसऱ्या दिवशी रापण होती. रापण म्हणजे लांबच लांब जाळं. ते होडीतून समुद्रात गोल सोडतात आणि त्याचे दोन्ही दोर सगळा गाव पुळणीवरून ओढतो. त्या गावाची रीत अशी की दोराला ज्याने हात लावला त्याला वाटा मिळायचाच, मग तो लंगडा असो की परगावचा. एकाचा जरी वाटा राहिला तरी पुढची रापण घालायची नाही.

उभं राहायला वाळूचा एवढासा पट्टा उरला होता. सगळे दाटीवाटीने ओढत होते. तेवढ्यात येसूच्या मागे एक म्हातारा येऊन दोराला लागला. पांढरी दाढी, नखशिखान्त भिजलेला, आणि थंडीने नुसता कुडकुडतोय. पण जोर केवढा! जाळं भराभर वर आलं.

मग वाटे झाले. येसूने म्हाताऱ्यापुढे टोपली ठेवली. त्याने मान हलवली.

"मासे नकोत, बाय. माझ्याकडे पुष्कळ आहेत. मला माझी गोधडी हवी. कुणीतरी दगडांखाली दाबून ठेवलीय."

येसूने त्याच्याकडे नीट पाहिलं. दाढीतून पाणी गळत होतं आणि थांबत नव्हतं. तिने ओळखलं. मनात म्हणाली, ह्यानेच माझे माड नेले, ह्यानेच पडवी नेली. राग आला तिला, का नाही येणार? पण म्हाताऱ्याचे दात वाजत होते. तिने त्याला हाताला धरून चुलीपाशी बसवलं आणि कढत पेज दिली.

म्हाताऱ्याचा वाटा राहिला, म्हणून रापण थांबली. एक दिवस राजाच्या ताटात मासा नाही. दोन दिवस नाही. तिसऱ्या दिवशी राजा स्वतः तणतणत येसूकडे आला. पाहतो तर चुलीपाशी म्हातारा कुडकुडतोय. राजा तापट होता, पण मनाने वाईट नव्हता, बरं का. त्याने अंगावरची शाल काढून म्हाताऱ्यावर घातली. ती नुसती करंगळीवर पुरली! राजाने महालातला गालिचा मागवला. तो तळहाताएवढाच झाला. मग गलबताचं शीड आणवलं. ते पाठीवर रुमालाएवढं दिसायला लागलं. म्हातारा मात्र होता तेवढाच, कुडकुडणाराही तसाच.

राजा चुलीपाशी त्याच्यासमोर बसला. "तुम्हीच का ते?"

"मीच."

"मग चोरी का करता?"

"चोरी कसली रे बाळा? पावसात थंडी वाजते, गोधडी ओढतो. ऊन पडलं की जागेवर आणून ठेवतो."

राजाने येसूकडे पाहिलं. तिने आधीच सांगितलं होतं की नाही?

मग गावाने रापणीचे दोर भिंतीच्या दगडांना बांधले. राजानेही दोराला हात लावला, तळहात सोलून निघाले तरी सोडला नाही. दगड एकेक करून निघाले. भिंत गेली तसा म्हाताराही दिसेनासा झाला.

त्याच संध्याकाळी हस्ताचा पाऊस कोसळला. समुद्राने वाळू ओढायला सुरुवात केली. भिंतीमागची ओढली, येसूच्या अंगणातली ओढली. पाणी उंबऱ्याला लागलं. येसू दारात उभी राहिली, हात जोडले आणि म्हणाली, "बाबा, माझी लेक यायची आहे हो."

लाट उंबऱ्यावर क्षणभर थांबली, आणि माघारी गेली.

सगळी वाळू पाण्याखाली जाऊन पसरली. मग मोठमोठ्या लाटा तिथेच, दूरवर, त्या वाळूच्या अंगावर फुटून निजायला लागल्या. काठावर यायच्या त्या अगदी बारक्या, दमलेल्या. नवरात्र झालं, वाळू आली नाही. येसू रोज सकाळी काठावर जाऊन बघून यायची. कोजागिरीला पसाभर आली. मग रोज थोडी, रोज थोडी. राजाने महाल उतरवून मागे टेकडीवर नेला. गावाने बांधावर मर्यादवेलीच्या कांड्या खोवल्या. त्यांतली पहिली राजाने खोवली, उलटी. येसूने ती सरळ केली.

आणि दिवाळीच्या पहिल्या दिवशी सगुणाची होडी आली. मऊ, पांढऱ्या, रुंद पुळणीला लागली. सगुणा सांभाळून उतरली आणि आईला पाहून थबकली.

"आये, किती वाळलीस गो! काय झालं?"

"काही नाही गो," येसू म्हणाली. "यंदा पाऊस जरा जास्त होता."

आणि लेकीचा हात धरून तिला घरात घेऊन गेली.

सगुणाला मुलगी झाली. बारशाला राजा आला, गाव आला. दुपारी एक छोटीशी लाटही उंबऱ्यापर्यंत आली, बाळाला पाहिलं आणि पाय न वाजवता गेली. मग सगळे सुखाने नांदले. तुम्हीही नांदा. आता डोळे मिटा बघू, एकानेही "मग काय झालं" विचारायचं नाही. सगळे निजले, एवढंच झालं.