कोपऱ्यातली शाल

“मग मी खोटं बोलायचं का, मास्तर?”

शार्दूल देशिंगे अजून ओट्यावर टेकलाही नव्हता. पायांत बूट तसेच, खांद्याला कॅमेऱ्याची बॅग तशीच, आणि आवाज चढलेला.

मगदूम मास्तर सुपात घेवडा निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कसलं खोटं?”

“लेन्स वाईट असेल तर वाईटच म्हणणार ना मी? खरं बोललो म्हणून कंपनीवाले माझ्यावर उलटलेत. व्हिडिओ काढून टाका म्हणतात. मी काढणार नाही!”

मी त्या दिवशी तिथे होतो, म्हणून हे सांगतो. मास्तरांनी उभा जन्म मिरजेत फोटो काढले, आमच्यासारख्या कितीतरी जणांना कॅमेरा हातात धरायला शिकवला. मग एके दिवशी स्टुडिओ बंद केला आणि गावाबाहेर मळ्याच्या कडेला दोन खोल्यांत राहायला गेले. त्यानंतर त्यांना कुणी फोटो काढताना पाहिलं नव्हतं. तरी अडलेला माणूस त्यांच्याकडेच यायचा.

शार्दूल अडलेला नव्हता. तो शाबासकी घ्यायला आला होता.

लेन्स तपासून लोकांना सांगणं हा त्याचा व्यवसाय. कंपन्या नवी लेन्स त्याच्याकडे पाठवतात, तो ती आठ-पंधरा दिवस वापरतो आणि इंटरनेटवर व्हिडिओ टाकतो. हजारो लोक त्याचं ऐकून लेन्स घेतात किंवा घेत नाहीत. त्याचा शब्द चालतो, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक आहे.

ओट्यावर आणखी एक माणूस होतं. खांबाला टेकून, मांडीवर कापडी पिशवी धरून शेवंताक्का बसली होती.

शार्दूलनं तिच्याकडे पाहिलं नाही. तिनं मात्र त्याला पाहताक्षणी पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला.

“नीट सांग,” मास्तर म्हणाले.

शार्दूलला तेवढंच हवं होतं.

“वाइड अँगल लेन्स आहे, मास्तर. एवढ्याशा खोलीत उभं राहा, सगळी खोली फोटोत येते. तोंड इतकं मोठं की अंधारातसुद्धा फ्लॅश नको. अ‍ॅपर्चर एक पॉइंट चार! फोटोला चालते, व्हिडिओला चालते, असा डांगोरा पिटलाय कंपनीनं. मी म्हटलं, बघूच.”

“बघितलंस?”

“मधे छान आहे. अगदी पापणीचा केस मोजावा. पण कोपरे... कोपरे म्हणजे नुसता चिखल! दिवा कोपऱ्यात आला की त्याला पंख फुटतात. व्हिडिओ घेताना कॅमेरा फिरवला की कडा पाण्यासारख्या हलतात. आणि कडेला माणूस उभा असला तर विचारूच नका.”

“माणूस कुठला मिळाला कडेला?”

“इथल्याच एका बाळंतपणाच्या दवाखान्यात कसलातरी समारंभ होता. ओळखीच्या डॉक्टरांनी फोटोला बोलावलं. हॉल अंधारा, जागा कमी, माणसं भरपूर. लेन्स तपासायला याहून चांगली जागा कुठली?”

मास्तर शेंगा निवडत राहिले.

“मधल्या खुर्चीवर एक बाई बसली होती,” शार्दूल सांगत होता. “तिच्या अंगावर शाल होती. नक्षी इतकी बारीक, मास्तर, की मी खूश झालो. अशी नक्षी कोपऱ्यात असली की लेन्सचं पितळ उघडं पडतं. मी तिला उठवलं. म्हटलं, आजी, तुम्ही तिकडं कडेला उभ्या राहा. अजून थोडं... अजून थोडं... हं, तिथंच. आणि लेन्स पूर्ण उघडून एकामागून एक फोटो घेतले.”

“मधल्या खुर्चीत का बसली होती ती?”

“कोण जाणे.”

कोण जाणे! हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले.

त्या दवाखान्यात बाळं जन्मायला लागली तेव्हापासून शेवंताक्का तिथे आया होती. बाळ बाहेर आलं की पहिल्यांदा तिच्या हातात यायचं. तो समारंभ तिच्या निरोपाचा होता. शाल तिला पांघरली होती, नारळ तिच्या ओटीत होता, आणि नर्सबायांनी हाताला धरून तिला आयुष्यात पहिल्यांदा मधल्या खुर्चीवर बसवलं होतं. डॉक्टर दोन्ही बाजूंना.

या गृहस्थानं तिला तिथून उठवलं. का, तर शालीची नक्षी बारीक होती!

ती उठलीही. कडेला उभं राहायची तिला सवय होती. आणि एकाही डॉक्टरला म्हणावंसं वाटलं नाही की, अहो, फोटो त्यांचाच आहे. त्यांचाही मला राग येतो, पण ते इथे ओट्यावर आलेले नव्हते.

अक्का सकाळपासून मास्तरांकडे येऊन बसली होती. शार्दूल त्यांचा विद्यार्थी, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिचं म्हणणं अगदी थोडं होतं.

“मास्तर, त्यो लाल गोल तेवढा काढाय सांगा की त्या पोराला. लेकीच्या सासरची मान्सं हसाय लागल्यात. आन् एक धड फोटू मिळाला तर बघा. भिंतीला लावीन म्हनत हुती.”

मास्तरांनी तिला चहा दिला होता आणि बसा म्हणाले होते. बाकी काही बोलले नव्हते.

लाल गोल काय ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळणार होतं.

शार्दूलनं खिशातून फोन काढला. “हे बघा. व्हिडिओतली ही जागा सगळ्यात गाजली.”

पडद्यावर आधी सगळा घोळका दिसला. मग चित्र कोपऱ्याकडे सरकलं आणि मोठं झालं... आणखी मोठं झालं. एक चेहरा पडदाभर पसरला. गाल एका बाजूला ओढलेला, डोळा लांबट, कपाळ तिरकं, ओठ पुसल्यासारखे. चेहऱ्याभोवती लाल गोल होता. मागून शार्दूलचा हसरा आवाज आला, “कोपऱ्यातल्या आजींना कंपनीनं काय करून ठेवलंय बघा!”

खाली लोकांनी लिहिलेलं होतं. ते मी इथे लिहिणार नाही.

मास्तर पुन्हा शेंगांकडे वळले, तेव्हा शार्दूलचा पारा आणखी चढला. तो वळला आणि फोन सरळ शेवंताक्कासमोर धरला.

“तुम्हीच सांगा, आजी. तुम्हाला यातलं काही कळत नसेल, पण डोळे तर आहेत ना? ही बाई माणसासारखी दिसते का?”

अक्कानं फोनकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“न्हाई, दादा,” ती म्हणाली. “न्हाई दिसत.”

“बघा!” शार्दूल मास्तरांना म्हणाला. “कुणालाही कळतं!”

माझं पित्त खवळलं. मी उठणार होतो, पण मास्तरांनी हाताच्या नुसत्या खुणेनं मला खाली बसवलं.

...

“अक्का,” मास्तर म्हणाले, “शाल आणलीय?”

अक्कानं मान हलवली.

“पांघरा.”

तिनं पिशवीतून शाल काढली. घडी जपून उलगडली आणि खांद्यावर घेतली.

शार्दूल बोलता बोलता थांबला.

त्यानं शाल ओळखली. पंधरा दिवस तिचा धागा न् धागा पडद्यावर मोठा करून पाहिला होता ना त्यानं. शालीची किनार, वेल, वेलीवरचं बारीक फूल. शालीवरून त्याची नजर हळूहळू वर गेली.

“ह्या...”



त्याचा चेहरा उतरला. पण लगेच मान ताठ झाली. हुशार माणसाला गप्प बसणं फार जड जातं.

“मी काय मुद्दाम केलं का? चेहरा लेन्सनं ओढला, मी नाही. राग कंपनीवर काढा की! मी तर ते उघडकीला आणलं. आणि या आजींनीही तेव्हा नाही म्हटलं नाही.”

मास्तर उठले. घेवड्याचं सूप बाजूला ठेवलं.

“दे तो कॅमेरा. मला भिंग तपासायचंय.”

शार्दूल बघतच राहिला. मास्तर कॅमेरा मागतील असं त्यालाही वाटलं नसावं. त्यानं बॅग उघडून कॅमेरा दिला. भिंगाची पुढची काच चांगली वाटीएवढी होती.

मास्तरांनी आतली लाकडी खुर्ची स्वतः उचलून अंगणात आणली आणि मधोमध ठेवली.

“अक्का, बसा.”

“मी कडंला हुभी ऱ्हाती की, मास्तर.”

“बसा.”

ती बसली, पण अगदी काठावर.

“शार्दूल, तू तिकडं. भिंतीजवळ.”

“मी? मी कशाला?”

“अजून थोडं... अजून थोडं... हं, तिथंच.”

शार्दूल भिंतीशी उभा राहिला. ऊन त्याच्या तोंडावर येत होतं. त्यानं केस सारखे केले, शर्ट ओढला, चेहऱ्यावर जरा हसू आणलं. मास्तरांनी लेन्स पूर्ण उघडली आणि डोळा लावला. घाई केली नाही. शार्दूलचं हसू विरलं, परत आलं, परत विरलं.

“मास्तर, किती वेळ?”

“कोपरा तपासतोय.”

फोटो काढला. मास्तरांनी कॅमेरा त्याच्या हातात दिला.

मीही वाकून पाहिलं. मधोमध शेवंताक्का. शालीचं फूल न् फूल स्पष्ट, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या स्पष्ट, काठावर बसल्यामुळे किंचित पुढे झुकलेली. आणि टोकाला शार्दूल. डोकं भोपळ्यासारखं आडवं, एक खांदा लांबच लांब, तोंड पुसट, आणि त्या पुसट तोंडावर ते आणलेलं हसू.

“पुसून टाका हा,” शार्दूल म्हणाला.

“का?”

“माणसासारखा दिसतो का मी यात?”

बोलून गेल्यावर त्याचे कान लाल झाले.

मास्तरांनी कॅमेरा परत घेतला. पडद्यावरचा तो टोकाचा चेहरा मोठा केला... आणखी मोठा केला.

“लाल गोल कसा काढतात रे?”

“मास्तर!”

“किती लोक बघतात म्हणालास तुझं?”

“मास्तर, हे बरोबर नाही! मला न विचारता माझं तोंड... लोक हसतील! मी काय तुमच्या चाचणीचा...”

तो थांबला. 

...

मास्तर कॅमेरा धरून तसेच उभे. त्यांच्या चेहऱ्यावर दया नव्हती. मला त्याचं बरं वाटलं, खरं सांगतो. अशी मोठी शिक्षा व्हावी, मिरजभर हसू व्हावं, असंच मला वाटत होतं.

तेवढ्यात अक्का खुर्चीवरून उठली.

“नगा, मास्तर. नगा तसं करू. त्येची बी आई बघंल.”

शार्दूलनं खाली मान घातली. मग तिथेच, उन्हात उभ्या उभ्या, त्यानं फोन काढला. अंगठा दोनदा चुकला. कंपनी सांगून सांगून थकली होती, तो व्हिडिओ त्यानं उडवला. फोन मास्तरांना दाखवायला पुढे केला, पण मास्तरांनी पाहिलं नाही. तेव्हा तो अक्काकडे वळला.

“काढला, आजी. आता नाही कुठं.”

अक्का शालीची किनार बोटांनी सारखी करत राहिली. “बरं,” एवढंच म्हणाली.

ती पिशवी घेऊन निघायला लागली. तिला वाटलं, काम झालं. एवढ्यावर समाधान मानणाऱ्या माणसांचाही मला कधीकधी राग येतो, पण तो राग खरा कुणावर असतो ते मला माहीत आहे.

“अक्का, थांबा,” मास्तर म्हणाले. “भिंतीला लावायचा फोटो राहिलाय.”

त्यांनी कॅमेरा शार्दूलच्या हातात ठेवला. “काढ.”

“मी?”

मास्तरांनी घेवड्याचं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

अक्का परत खुर्चीवर बसली. या वेळी थोडी मागे सरकली. शार्दूल समोर गुडघ्यावर बसला. पायांत अजूनही बूट होते, ते मातीत रुतले. कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला, परत लावला. 

“मास्तर...” त्यानं न वळता विचारलं, “लेन्स किती उघडी ठेवू? पूर्ण, की जरा मिटून घेऊ?”

मास्तरांनी एक शेंग मोडली.

“आधी त्यांचं नाव विचार.”