भिवरामायनं न उचललेलं पान

आपल्या घाटातून गाडीरस्ता गेला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी विरक्त बायकांचा एक मठ होता आणि भिवरामाय त्यातली थोरली. एकादशीला उपास धरायचा आणि द्वादशीला येईल त्याला जेवू घालायचं, हे तिचं व्रत. तिच्या हातात साक्षात अन्नपूर्णा होती, असं म्हणतात.

मठात पंगतीचा नियम कडक. हत्यार पायरीशी ठेवायचं, शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही, आणि जेवणाऱ्याला कुणी हात लावायचा नाही.

त्या काळी रानात हैबती नावाचा बंडखोर होता. दुष्काळात पोरं उपाशी निजायला लागली, तेव्हा त्यानं सरकारी कोठार फोडलं आणि धान्य वाडीवाडीला वाटलं. तेव्हापासून शिपाई त्याच्या मागावर. सापडला की वडाला टांगणार, अशी दवंडीच होती.

एका द्वादशीला हैबती रक्ताळलेला उजवा हात घेऊन मठात आला. भिवरामायनं जखमेत हळद दाबली, हात बांधला आणि त्याला पंगतीच्या शेवटी, तुळशीजवळ बसवलं. तेवढ्यात घाट उतरून जमादार आणि त्याचे शिपाई आले. उन्हातून चालून पोटं खपाटीला गेलेली, समोर वाफाळता भात. पंगतीत कोण बसलंय ते न बघताच त्यांनी तलवारी पायरीशी ठेवल्या आणि पानावर बसले. दोन घास पोटात गेल्यावर जमादाराची नजर शेवटच्या पानाकडे गेली.

"माय, हा माणूस मला हवाय."

"असेल बाबा. पण आत्ता तो माझ्या पंगतीत आहे. त्याचं होऊ दे."

अन्न तर पोटात गेलेलं, नियम मोडायचा कसा? जमादार बसून राहिला. हैबतीचा हात बांधलेला, म्हणून माय स्वतः त्याला भरवायला बसली. एक घास भरवायची, तेवढंच पुन्हा वाढायची. पान संपेना, भांडं रितं होईना. ऊन ओसरीवरून अंगणात गेलं, अंगणातून डोंगरावर चढलं, तरी भातातून वाफ येतच होती, असं म्हणतात. शिपायांच्या पायांना मुंग्या आल्या. एकजण कुरकुरला, नुसतं बघून बघून पुन्हा भूक लागली म्हणाला. मायनं हसून त्यालाही वाढलं.

शेवटी जमादारानं विचारलं, "माय, याचं पोट भरणार तरी कधी?"

"घाटातली सगळी पोरं जेवून निजतील त्या दिवशी."

जमादाराच्याही घरी पोरं होती. त्यानं पानाला नमस्कार केला आणि उठायची परवानगी मागितली. मायनं शिपायांना मोकळं केलं, हैबतीचं पान तेवढं राहू दिलं.

ठाण्यावर विचारणा झाली, तेव्हा जमादार खोटं बोलला नाही. "सापडला," म्हणाला, "पण अजून जेवतोय."

हैबती पुढे कुठे गेला, कुणी पाहिलं नाही. मायनं मात्र त्याचं पान कधी उचललं नाही आणि ते कधी सुकलंही नाही, असं म्हणतात.

आता मठ राहिला नाही, तुळशीचा चौथरा तेवढा आहे. दर द्वादशीला गावच्या बाया तिथे पंगत घालतात आणि भिवरामायच्या नावानं शेवटी एक पान जास्त मांडतात. वाटेनं कुणी आलं तर त्याला त्यावर बसवतात, नावगाव विचारत नाहीत. बाकीची पानं उचलतात, ते मात्र तसंच ठेवतात. एखादी नवी सून विचारते, हे का राहिलं? तेव्हा वाढणारी हळूच सांगते, "असू दे गं. जेवणारा अजून बसलाय."