हत्तीच्या वाटेवरची कुटी

"आणि तो परत आला तर?"

आर्याजी भिक्षापात्र पुसत होत्या. पुसतच राहिल्या.

"आर्याजी, मी हत्तीबद्दल विचारतेय."

"ऐकलं वं माय. कुठवर आला होता?"

"खिडकीपर्यंत! पहाटे. सोंड आत घातली त्यानं. माझ्या तोंडावर त्याचा श्वास..." निरंजनाबाईंना पुढे बोलवेना.

हे श्रीलंकेतलं आहे. रानाच्या कडेला भिक्खुणींचा छोटा विहार आहे, तिथलं. आर्याजी मूळच्या आमच्याच भागातल्या, पवनीच्या. चीवर घेतलं आणि समुद्र ओलांडून इथे येऊन राहिल्या, त्याला जमाना झाला. मी कामठीची. इथली झाडलोट आणि स्वयंपाक बघते. दोघी माझ्या पुढ्यातच बोलत होत्या, आणि मी काही कानात बोळे घालून बसणारी नव्हे.

निरंजनाबाई नागपूरच्या. कॉलेजच्या प्राचार्य होत्या. आल्या त्या रुबाबातच: मला साधं राहायचंय, एकटं राहायचंय, कुणाची सोबत नको. आता पांढरी साडी चुरगळलेली आणि भरलेली बॅग पायाशी. दान घेऊन आलेली गाडी थोड्या वेळात शहराकडे परत निघणार होती.

"जाऊ द्या मला," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "नाही, जाऊ देऊ नका!"

आर्याजींनी पात्र बाजूला ठेवलं.

"गेले तर दादाच्या घरी जायचं. आमचे हे गेल्यापासून मी त्याच्याकडेच आहे. कुठे चाललीस, कोण आलं होतं, फोन कुणाचा... कॉलेजात माझ्यापुढे कुणाची ब्र काढायची हिंमत नव्हती, आर्याजी. आणि घरी दादाच्या चपला वाजल्या की मी हातातलं काम टाकून उभी राहते. इथे अंगण झाडताना मी गुणगुणते. तिथे गुणगुणलं तर विचारतात, काय झालं हिला? आता परत गेले तर पुन्हा सुटायची नाही मी."

"मग राह्य."

"अहो, हत्ती!"

"बरं. चल, कुटी दाखव तुझी."

रानाच्या तोंडाशी एक झाड आहे. आत शिरताना गावातल्या बायका त्याच्या फांदीला एक डहाळी टांगतात. रानाच्या देवानं हत्तीपासून राखावं म्हणून. आर्याजींनी खाली पडलेली डहाळी उचलली, हिरवी त्या तोडत नाहीत, आणि टांगली.

निरंजनाबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तुम्ही? आपण हे असलं मानत नाही ना, आर्याजी!"

"नाही मानत."

"मग?"

"मला भेव वाटते. गावच्या बायांनाही वाटते. त्यांच्यासंगं टांगते."

"इतकी वर्षं इथे राहून... तुम्हाला भीती वाटते?"

आर्याजींनी हात पुढे केला. बोटं थरथरत होती. म्हातारपणाची थरथर मी ओळखते, ही ती नव्हती.

निरंजनाबाई एक पाऊल मागे सरल्या. मला विचाराल तर त्यांची खरी गाळण तिथेच उडाली. जिच्या भरवशावर राहायचं तीच घाबरलेली निघाली म्हटल्यावर दुसरं काय होणार!

कुटी मातीची, एकाच खोलीची. आर्याजी आत जाऊन उभ्या राहिल्या. नाक वर केलं.

"खाटेखाली काय आहे?"

"काही नाही."

...

"पुस्तकं आहेत."

"पुस्तकांना गुळाचा वास येते?"

मीच वाकून तो डबा ओढून काढला. आर्याजी अशा अन्नाला हात लावत नाहीत, कुणी दिल्याशिवाय घेत नाहीत. डब्यात गूळ, शेंगदाण्याचे लाडू, लोणच्याची बरणी, सांडगे, आणि मिठाची चांगली गच्च पिशवी. मीठ कशाला, ते त्याच जाणोत.

निरंजनाबाई कानापर्यंत लाल झाल्या. "दुपारनंतर जेवायचं नाही, असा नियम तुमचा. रात्री भूक लागली तर? परक्या मुलखात मागायचं कुणाकडे?"

"खाल्लंस?"

"शप्पथ नाही. एकदाही नाही. नुसतं... जवळ असावं म्हणून."

"मीठगुळाचा वास हत्तीला लांबून लागते. तो काही तुला भेटाले नव्हता आला."

मला हसू फुटलं, ते दाबलं. डबा उचलला आणि गाडीत ठेवून आले. वाटेतल्या गावात कुणाच्या तरी तोंडी लागेल.

परत आले तेव्हा निरंजनाबाई मोकळ्या कुटीकडे बघत उभ्या होत्या. एक खाट, तिच्यावर चटई, पाण्याचं मडकं, वाळत घातलेली साडी. बास.

"हलकं वाटतंय," त्या म्हणाल्या, आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "आता नाही ना येणार तो?"

"येईल. त्याची वाटच आहे ही."

"मग काय उपयोग!" त्या जवळजवळ ओरडल्याच.

तेवढ्यात फोन वाजला. दादा.

हत्तीचं सांगताना या बाईंचा आवाज चढला होता. आता तो पार खाली बसला. आर्याजींना आणि मला अंगणात सोडून त्यांनी घाईघाईनं कुटीचं दार ओढून घेतलं. नारळाच्या झापांचं दार, दोरीनं बांधलेलं. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"हो दादा... नाही दादा... हो, भरलीय बॅग... तू म्हणशील तसं."

तिकडे गाडीनं हॉर्न दिला.

आर्याजी उठल्या. दाराच्या दोऱ्या एकेक करून सोडल्या, दार उचललं आणि अंगणात आडवं टाकलं.

निरंजनाबाई उघड्यावर आल्या. फोन कानाला, चेहरा पांढराफटक. त्यांनी आर्याजींकडे पाहिलं. आर्याजींनीही पाहिलं. फोनवरचा आवाज मलासुद्धा ऐकू येत होता. "ऐकतेयस ना? बसलीस का गाडीत?"

...

"दादा, मी येत नाहीये."

"काय?"

"इथेच राहणार आहे. मला भीती वाटतेय. पण राहणार आहे."

त्यांनी फोन बंद केला आणि मटकन खालीच बसल्या. गाडी निघून गेल्याचा आवाज आला. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू!

उन्हं उतरली. आम्ही तिघीही तशाच.

मग रानात काहीतरी मोडलं. मोठी फांदी असावी. थोड्या वेळानं पुन्हा. आता जवळ. पाखरांचा गलबला एकाएकी थांबला.

निरंजनाबाई धडपडत उठल्या. "दार! आर्याजी, आधी दार लावा! तो येतोय!"

आर्याजी अंगणात आडव्या पडलेल्या दारावर जाऊन बसल्या. शांत मांडी घातली. हात थरथरत होते, ते मांडीवर ठेवले.

"दारानं हत्ती अडत नाही, माय," त्या म्हणाल्या. "बाई अडते."