वाचून दाखवलं, बरोबर आहे

“पण याला अंगठा कशाला, मुन्शीजी?”

सुकन्याचा आवाज जरा चढलाच. शेडमधल्या दोघातिघांनी माना वळवून पाहिलं.

नूरमहंमद मुन्शींनी टाइपरायटरवरची धूळ फडक्यानं पुसली आणि विचारलं, “या कागदात दुःख कुणाचं आहे?”

“म्हणजे?”

“तुझं आहे का?”

“...नाही. एका बाईचं आहे.”

“मग तिला वाचून दाखवलंस?”

सुकन्याला हसूच आलं. म्हातारा आता खरंच थकला, असं तिच्या मनात येऊन गेलं.

तहसील कचेरीच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली मुन्शींचं टेबल होतं. लोकांचे अर्ज लिहून देण्याचं काम ते एक्केचाळीस वर्षं करत होते. कुणाची जमीन सरकारनं घेतली, कुणाचं नाव रेशनकार्डावरून उडालं, की माणसं मुन्शींपुढे येऊन बसत. ते ऐकत. टाइप करत. आणि मग आवारातला दुसरा कुणीही करत नसे ते करत... अख्खा अर्ज सावकाश वाचून दाखवत. समोरचा ‘हे माझंच’ म्हणाला, तरच शाईची डबी पुढे सरकायची. त्यानं ‘नाही’ म्हणून मान हलवली, की कागद टराटरा फाडून दुसरा चढवायचे.

अंगठ्याखाली हातानं एक ओळ लिहायचे. वाचून दाखवलं, बरोबर आहे. ही ओळ तशी प्रत्येक सरकारी जबाबाखाली असते. मुन्शींच्या कागदावर ती खरी असायची, एवढाच काय तो फरक.

सुकन्या तौर कायद्याच्या परीक्षेत विद्यापीठात पहिली आलेली. हिवरवाडी धरणात गेली, तेव्हा तिथल्या लोकांना नवी जागा मिळवून देण्याच्या कामावर एका संस्थेनं तिला पाठवलं. दोन वर्षं ती मुन्शींच्या हाताखाली शिकली. हुशारीला तोड नव्हती. आपल्याला तोड नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

आता तिला परदेशातल्या एका मोठ्या विद्यापीठात जायचं होतं. आंतरराष्ट्रीय विकासाचा कायदा, एक वर्षाची पदवी. फॉर्म भरून झाला होता. प्राध्यापकांची दोन पत्रं केव्हाच पोचली होती. तिसरं शिफारसपत्र मात्र अशा माणसाचं हवं होतं, ज्याच्याबरोबर तिनं प्रत्यक्ष गावात काम केलं. ते मुन्शींचं. मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत. ते पत्र नसेल, तर फॉर्म पुढे सरकणार नव्हता, आणि वर्षभर तिनं दुसरा कसलाही विचार केलेला नव्हता.

“मुन्शीजी, हा अर्ज नाही हो. एसओपी म्हणतात याला. मी कोण, मला हेच का शिकायचंय, ते सांगणारा निबंध.”

“त्यात काही मागतेस की नाही?”

“मागते. प्रवेश.”

“मग अर्जच झाला की.”

“इंग्रजीत आहे तो!”

“तू मराठीत सांग. तुला दोन्ही येतं.”

“आणि मुदत पाचची आहे.”

“आता साडेबारा झालेत.”

सुकन्यानं कपाळाला हात लावला. अकरा वेळा खोडून, घासूनपुसून लिहिलेला निबंध. प्राध्यापकांनी ‘डोळ्यांत पाणी आलं’ असं कळवलेलं. आणि इथे हा माणूस तीन दिवस तो कागद ठेवून घेतो, आणि वर शाईची डबी काढून बसतो!

“बरं. पण ती बाई आता मी कुठून आणू?”

मुन्शींनी हनुवटीनं फाटकाकडे खूण केली.

फाटकातून हिवरवाडीच्या कौतिकबाई येत होत्या. साठीच्या, उंच, चालण्यात जराही घाई नसलेल्या. अर्धं आवार त्यांना ओळखत होतं. मुन्शींनी आदल्या दिवशीच धरणग्रस्तांच्या नव्या वसाहतीवर निरोप धाडला होता, हे सुकन्याला आत्ता समजलं.

“गावलीस बाई एकदाची!” कौतिकबाईंनी स्टीलचा डबा तिच्या हातात कोंबला. “तिकडं बर्फ पडतंय म्हनं. डिंकाचे लाडू हायेत. रोज एक खायचा, एकदम संपवायचे न्हाईत.”

“मावशी, कशाला एवढं...”

“गप.”

“बसा, कौतिकबाई,” मुन्शी म्हणाले. “ही एक कागद वाचणार आहे. तेवढा ऐका.”

“कुनाचा?”

“एका बाईचा.”

सुकन्याचा राग थोडा निवळला. निबंधात तिनं नाव बदलून लक्ष्मी केलं होतं, पण ते काय, ऐकताच मावशी स्वतःला ओळखतील. गहिवरतील. कदाचित गळ्यात पडतील. पाच मिनिटांत अंगठा होईल आणि पत्र हातात येईल. तिनं घसा साफ केला आणि वाचायला लागली.

“‘पाणी चढत होतं, तेव्हा लक्ष्मी काठावर एकटीच बसली होती. तिला अक्षरओळख नव्हती. माणसाला काही हक्क असतात, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं...’”

“अगं माय...” कौतिकबाई पुटपुटल्या.

सुकन्याला हुरूप आला. तिनं आवाज थोडा हळवा केला.

“‘गाव बुडालं आणि गावाबरोबर तिचा आवाजही बुडाला. मी तिच्याजवळ जाऊन बसले. गावातल्या एकेका घराची यादी मी तयार केली. त्या यादीच्या जोरावर लोकांना नवी जागा मिळाली. त्या दिवशी लक्ष्मी माझा हात धरून म्हणाली, पोरी, तू आलीस म्हणून मला बोलता आलं...’”

कौतिकबाईंनी पदर डोळ्यांना लावला होता. निबंध संपला तरी त्या तशाच बसून राहिल्या.

झालं आपलं काम, असं सुकन्याला वाटलं.

मुन्शींनी शाईच्या डबीचं झाकण उघडलं. डबी कौतिकबाईंच्या पुढ्यात ठेवली.

“बाई, हे तुमचं आहे?”

“माझं?” कौतिकबाईंनी दचकून वर पाहिलं. “न्हाई वो, मुन्शीजी! माझं कसं आसंल?”

...

काय ऐकलं ते सुकन्याला क्षणभर कळेचना. आपल्याशी थट्टा चाललीय, असंच तिला वाटलं. तिनं मुन्शींकडे पाहिलं. ते हसत नव्हते.

“कुठल्या गावची गं ही लक्ष्मी?” कौतिकबाईंनी तिलाच विचारलं. “तिच्या गावात बायका नव्हत्या का? येकटीला बरं सोडलं सगळ्यांनी काठावर!”

“मावशी, ती...”

“आनि घरांची यादी तुला करावी लागली? तितं सांगनारं बी कुनी नव्हतं व्हय?” त्या मुन्शींकडे वळल्या. “आमचं तसं न्हवतं बघा. आमी समद्या बेचाळीस घरच्या बाया कलेक्टरच्या पायरीवर सतरा दिस बसलो. घरं तर मी हिला तोंडपाठ सांगितली. कुनाचं दार कुठं, कुनाच्या अंगनात कोनतं झाड. ही लिहून लिहून दमली आनि माझ्याच मांडीवर झोपली. आठवतंय का गं?”

आठवत होतं. सगळं आठवत होतं. त्या मांडीवर डोकं टेकलं होतं, त्या लुगड्याला चुलीच्या धुराचा वास होता, हेसुद्धा आठवत होतं. मग निबंधात ते कुठे गेलं? अकरा खर्ड्यांतल्या कुठल्या खर्ड्यात ती मांडी खोडली गेली, हे काही केल्या तिला आठवेना.

“आमाला द्येवानं येकटं न्हाई ठिवलं कधी,” कौतिकबाई म्हणाल्या. “पन ही बिचारी...”

मुन्शींनी डबीचं झाकण लावलं. टक् असा आवाज झाला.

कौतिकबाईंनी सुकन्याच्या मांडीवरचा डबा परत घेतला. उघडला. पिशवीतून एक धुतलेलं फडकं काढलं आणि त्यात मोजून अर्धे लाडू ठेवले. चांगली गच्च गाठ मारली.

“हे तिला दे.”

“कुणाला?” सुकन्यानं विचारलं.

“त्या लक्ष्मीला. म्हनावं, कौतिकबाईनं धाडलेत. आनि म्हनावं, रडत बसू नगंस, सरळ आमच्या वसाहतीवर निघून ये. येक खोली रिकामी हाय. बोलायला आमी शिकवू तिला.” त्या उठल्या. “तिचा पत्ता हाय ना गं तुज्याकडं?”

सुकन्यानं गाठोडं हळूच टेबलावर ठेवलं.

कौतिकबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला, स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. दीडच्या एसटीची वेळ झाली होती. फाटकापर्यंत जाऊन त्या एकदा वळल्या आणि रोज एकच खायचा, म्हणून मोठ्यानं बजावलं.



“मुन्शीजी,” सुकन्या म्हणाली, “तुम्ही तीन दिवसांपूर्वीच मला सांगू शकला असता.”

“सांगितलं असतं.”

“मग?”

“तू मला समजावून दिलं असतंस.”

ते खरं होतं. तिनं अर्धा तास इंग्रजीत समजावलं असतं, आणि तिचंच बरोबर ठरलं असतं. तिला रडू फुटलं. स्वतःची इतकी लाज तिला आजवर कधी वाटली नव्हती.

“आता पत्र नाही ना देणार?”

मुन्शींनी टेबलाचा खण ओढला. आतून एक पाकीट काढलं. वर तिचं नाव होतं. कोपऱ्यात चार दिवसांपूर्वीची तारीख, म्हणजे निबंध त्यांच्या हाती पडायच्याही आधीची.



“दोन वर्षं तू राबलीस,” मुन्शी म्हणाले. “ते मी पाहिलंय. त्यात खोटं काही नाही.”

“मी बदलते हा निबंध. पाचच्या आत बदलते. सगळं खरं लिहिते, मुन्शीजी.”

“लिही.”

तिनं डोळे पुसले आणि पाकिटाकडे हात नेला.

मुन्शींनी लाडवांचं गाठोडं उचललं आणि अलगद त्या पाकिटावर ठेवलं.

“पत्र ने, बेटी. पण आधी हे त्या लक्ष्मीला पोचतं कर. तिचा पत्ता तुला ठाऊक आहे.”