कुंडातलं तीर्थ

"लस टोचली होतीस ना गं?"

"दोनदा टोचली, बाबा."

"तरी मेली?"

"सगळी."

मठामागच्या कुंडाकाठी बदकाची पिल्लं ओळीनं पडली होती. चारुता पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला होती. केवळनाथबाबांच्या पायाशी बसून वाढलेली, आणि चार बुकं वाचून आता बाबांनाच शिकवायला उतावीळ झालेली.

तिनं एक पिल्लू चिरलं. शेपटीच्या बुडाशी बोट ठेवलं.

"इथं एक थैली असते, वाटाण्याएवढी. रोगाशी लढायचं कसं, ते शरीर इथं शिकतं. ह्याची बघा... मोहरीएवढी."

"म्हणजे लशीचा गुरू दारात आला, आणि शिकणारा शिष्य जन्मलाच नव्हता."

"अंड्यातच संपवला त्याला. वरच्या कारखान्याचं पाणी ओढ्यातून कुंडात येतं. त्यातली रसायनं अंगात शिरून हार्मोनचं सोंग घेतात. आई इथला चिखल चिवडते, इथलंच पाणी पिते. ते अंड्यात उतरतं, आणि पिल्लाची थैली वाढतच नाही. तिला मात्र काही होत नाही."

पिल्लांची आई कुंडात मजेत पोहत होती.

"मग गावाला सांग की."

"एवढ्यात नाही. पाण्याचा रिपोर्ट यायचाय. माझा प्रबंध आहे हा, बाबा. पुराव्याशिवाय बोलले तर कॉलेजात हसतील मला. महिनाभर थांबायला काय जातंय?"

बाबांनी पायऱ्यांकडे पाहिलं.

पायऱ्या उतरून दोघीजणी आल्या. खालच्या आळीतली सुलभा आणि तिची सासू. सुलभाला सातवा महिना. पहिलटकरणीनं सातव्यात कुंडाचं तीर्थ घ्यायचं, ही मठाची जुनी रीत.

"बाबा, तेवढं तीर्थ द्या," सासू म्हणाली. "पोरगी उन्हातून चालत आलीय."

बाबांनी तांब्या कुंडात बुडवला, आणि चारुतापुढे धरला.

"घे."

तिचा हात पुढे झाला नाही.

"लहानपणी रोज प्यायचीस."

"बाबा..."

"घे की. रिपोर्ट कुठं आलाय अजून?"

चारुतानं रक्ताळलेले हातमोजे काढले. पलीकडे सुलभानं पदर सावरून उजवा तळवा पुढे केला होता. हसत होती ती.

बाबांनी तांब्या चारुताच्या हातात ठेवला.

"आज तीर्थ तू दे."