वर केलेला हात

“वर्गात माझा हात कायम वर असायचा, बाबा. तुम्ही मला एकदाही का विचारलं नाहीत?”

मंदाकिनीनं हे विचारलं तेव्हा चैत्रातली दुपार होती. पवनीच्या त्या घराच्या ओसरीवर सावरीचा कापूस तरंगत येत होता... कुठून येतो, कुठं जातो, कळत नव्हतं.

लांजेवार सर आरामखुर्चीत डोळे मिटून होते.

उभी हयात त्यांनी गावच्या हायस्कुलात इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. मराठीचे मास्तर रजेवर गेले की कविताही शिकवल्या. ते बोलू लागले की खिडकीबाहेरची वैनगंगा गावची उरत नसे. तिच्यात दूरदेशीची गलबतं दिसू लागत, आणि मागच्या बाकावरची पोरंही माना उंचावून बघत.

घरी त्यांची ओसरी परक्या पोरांनी भरलेली. कुणाला निबंध दाखवायचा असे, कुणाच्या घरी अभ्यासाला जागाच नसे. सरांच्या पत्नी सुमित्राबाई त्या सगळ्यांना जेवू घालत. गाव त्यांना मास्तरीणबाई म्हणे. शाळेची पायरी मात्र त्या कधी चढल्या नव्हत्या.

आणि मंदाकिनी? ती त्या पोरांना पाणी नेऊन द्यायची.

शाळेचं फाटक आलं की बाबांचे सर होत. एकदा भर वर्गात तिच्या तोंडून ‘बाबा’ निघून गेलं. वर्ग खो खो हसला. सर फळ्याकडे वळले आणि लिहीत राहिले.

आता ती नागपूरच्या एका मोठ्या शाळेत इतिहासच शिकवत होती. आदर्श शिक्षिका म्हणून तिचा सत्कार झाला होता. तिचा तास बघायला बाहेरगावचे शिक्षक येत.

“माझ्या वर्गात असं होत नाही,” ती म्हणाली. “हात वर केला आणि बाईंनी विचारलंच नाही, असं एकाही पोराला म्हणता येणार नाही.”

सरांनी डोळे उघडले.

“जूनपासून जुई माझ्याच वर्गात येणार. पोटची पोर. तिला विचारायचं की नाही, मला ठरवायचंय. म्हणून विचारते.”

“म्हणून विचारून राहिली?”

“...नाही.” तिचा आवाज बारीक झाला. “मला उत्तर यायचं, बाबा. दर वेळी यायचं.”

“ठाऊक होतं मला.”

“मग?”

“जिला येतं तिला काय विचारायचं?”

“हे काही उत्तर झालं नाही.”

“नाही झालं,” सर म्हणाले, आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.

सुमित्राबाईंना जाऊन हिवाळा उलटला होता. तेरवीनंतर बापलेक आज पहिल्यांदाच अशी दोघंच बसली होती. दोघांनी मिळून सकाळी भात लावला, दोघं जेवली, भांडी घासली. पावसापाण्याचं बोलली, जुईच्या परीक्षेचं बोलली. आईचं नाव कुणाच्या ओठावर आलं नाही. आतल्या खोलीत तिची खाट होती. तिच्यावर कुणी बसत नव्हतं, आणि ती कुणी हलवतही नव्हतं.



मग सर खुर्चीचे हात धरून उठू लागले. मंदाकिनी आधाराला पुढे झाली. त्यांनी मानेनंच नको म्हटलं. भिंतीला पाठ टेकून ते उभे राहिले, आणि एकेक मणका सरळ होत गेल्यासारखे ताठ झाले.

“बस तिथं. हात वर कर.”

“बाबा, काय हे!”

“कर.”

ती हसली. रस्त्याकडे बघून घेतलं. कुणी नव्हतं. सतरंजीवर बसून तिनं हात वर केला.

बांगड्या कोपराकडे घसरल्या. कापसाचा एक पुंजका तिच्या बोटांमधून निघून गेला. ऊन पेंगुळलं होतं, दूर नदीवर कुणीतरी कपडे धूत होतं, आणि तो आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता. हात वर धरून तिला अवघडल्यासारखं झालं, तरी खाली घ्यावासा वाटेना.

सर तिच्याकडे बघत होते. वर्गात त्यांनी तिच्याकडे असं कधीच बघितलं नव्हतं.

“मंदाकिनी लांजेवार.”

लग्नानंतर या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती. ती आपसूक उभी राहिली.

“तुझी आई आता कुठं असेल?”

मंदाकिनीला पुष्कळ ठाऊक होतं. मेलेल्या माणसांसाठी कुणी पिरॅमिड बांधले, कुणी कलशात अस्थी ठेवल्या, कुणी कबरीत धान्य पुरलं. दर वर्षी हे शिकवताना तिच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येई. ते सगळं तिच्या ओठापर्यंत आलं...

तिनं वर बघितलं. सरांची हनुवटी थरथरत होती. उत्तर ठाऊक असलेला माणूस असा उभा राहत नाही. ते खरंच विचारत होते.

ओठापर्यंत आलेलं सगळं मागं गेलं.

“नाही येत मला,” ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

सर भिंत सोडून एक एक पाऊल टाकत जवळ आले. तिचा हात अजून वरच होता. त्यांनी तो दोन्ही हातांत धरून हलकेच खाली घेतला.

“बरोबर,” ते म्हणाले. “बस खाली.”