हाताविना वाजणारी गिटार

एकदा एक रॉक गायक चाळिशी गाठण्याआधीच छातीच्या आजाराने वारला. आपली गाणी तो स्वतःच लिहीत असे, आणि तीही साध्या घरगुती मराठीत. विजेवरच्या गिटारीसोबत मराठीत कोणी असं ओरडतं का, म्हणून हयातीत लोक त्याला हसले. तो गेल्यावर त्याच लोकांनी त्याच्या तसबिरी भिंतींवर टांगल्या. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, ही आपली जुनीच रीत आहे.

ज्या वृद्ध मास्तरांनी त्याला घडवलं, त्यांचाच एक तरुण शिष्य होता. दरवर्षी स्मृतिदिनाला तो दिवंगत गायकाची गाणी गाई, आणि हुबेहूब गाई. शेवटचं गाणं ध्वनिमुद्रित करताना गायक फार आजारी होता. ‘दार लोटू नका, मी येतोच आहे’ या ओळीच्या आधी त्याला खोकला आला होता, आणि तो ध्वनिमुद्रणात तसाच राहिला होता. शिष्याने तो खोकलाही पाठ केला. तेवढाच लांब, तसाच कोरडा, शेवटी घशात अडकलेला. तो खोकला ऐकला की मंडपात हुंदके फुटत. गाण्यापेक्षा खोकल्याला दाद जास्त, अशी ती रसिक मंडळी!

गायकाची थोरली बहीण पहिल्या रांगेत बसे. लोक त्या दिवसाला स्मृतिदिन म्हणत, ती मात्र ‘भावाचा कार्यक्रम’ म्हणे. तिने त्याचं वर्षश्राद्धही होऊ दिलं नव्हतं. भटजी विचारायला आले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “गाणाऱ्या माणसाचं कुठे श्राद्ध करतात का?” कार्यक्रम संपला की ती शिष्याला घरी नेई आणि भावाच्या आवडीची शेपूची भाजी वाढी. शिष्याला लहानपणापासून शेपूचा वासही सहन होत नसे. पण तो मुकाट्याने जेवायचा, आणि हळूहळू त्याला ती भाजी आवडूही लागली.

मग खोकला आपणहून येऊ लागला. दाढी करताना येई, बसमध्ये येई, आणि दर वेळी अगदी ध्वनिमुद्रणातला, ना कमी ना जास्त. खोकला थांबला की त्याचे ओठ पुढची ओळ म्हणायला आपोआप हलत. डॉक्टरांनी छातीचे फोटो काढले, पण काही निघालं नाही. एकदा गावाहून आईचा फोन आला. दोन वाक्यं ऐकून ती म्हणाली, “कोण बोलतंय?”

“अगं आई, मीच.”

“राँग नंबर लागला वाटतं,” असं म्हणून तिने फोन ठेवून दिला.

एवढं होऊनही माणसाची हौस काही फिटत नाही. स्मृतिदिन जवळ आला तसा शिष्य मास्तरांकडे गेला आणि म्हणाला, “मास्तर, त्यांची गिटार तुमच्यापाशी आहे. यंदा ती मला द्या. माझ्याशिवाय आता ती कोणाच्या हातात शोभणार?” आणि पाठोपाठ तोच खोकला आला.

चहा ओतणारा मास्तरांचा हात थबकला. क्षणभर त्यांनी शिष्याकडे न बघता दाराकडेच बघितलं. मग म्हणाले, “उद्या बारा वाजता ये.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गल्लीत चिटपाखरूही नव्हतं. मास्तरांनी गायकाची गिटार एका खुर्चीवर ठेवली, वायरने मोठ्या स्पीकरला जोडून तिचं तोंड त्याच्याकडेच केलं, आवाज पूर्ण वाढवला, आणि शिष्याला बाहेर ओसरीवर आणून दार लावून घेतलं.

आधी नुसती घरघर ऐकू आली. मग आत एक तार बोलू लागली. सूर वाढत गेला, खिडकीची तावदानं थरथरली. त्या शेवटच्या गाण्याअखेर गायकाने गिटारीवर जो सूर लांबवला होता, तोच तो सूर होता. शिष्य पांढराफटक पडला.

“मास्तर, ते आले!”

“आत जाऊन बघ.”

शिष्य दारापासून मागे सरला. तेव्हा मास्तरांनी त्याचं मनगट धरून दार ढकललं. खोली रिकामी होती. खुर्चीवरची गिटार एकटीच किंचाळत होती, आणि तिच्या तारा थरथरताना स्पष्ट दिसत होत्या.

मास्तर त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, “कोणी आलेलं नाही. स्पीकरच्या आवाजाने तारा हलतात, आणि तारांचा आवाज स्पीकर मोठा करून पुन्हा तारांवरच फेकतो. थांब म्हणणारं मध्ये कोणी नाही. तो असता तर यातूनच त्याने गाणं काढलं असतं, आणि नको तिथे तळव्याने दाबून टाकलं असतं. तू खोकतोस म्हणून लोक रडतात, आणि लोक रडतात म्हणून तू आणखी खोकतोस. यात तू आहेस कुठे, बाळा? एका शिष्याला मी स्मशानात पोचवून आलोय. दुसरा असा जिवंतपणी जाताना मला बघवत नाही रे.”

शिष्याने तळवा तारांवर ठेवला. आवाज थांबला. ती शांतता त्याला आवाजाहून भयंकर वाटली.

“मास्तर,” तो कसाबसा म्हणाला, “मला माझा आवाज आठवत नाही.”

“मग हे आत्ता कोणाच्या आवाजात बोललास?” मास्तरांनी विचारलं. “त्याची गाणी खुशाल गा. तो ती गाण्यासाठीच ठेवून गेलाय. पण तुझ्या गळ्यातून जशी येतील तशीच येऊ देत.”

स्मृतिदिनाला शिष्य आपल्या बारीक, किंचित नाकातल्या आवाजात गायला. त्या ओळीपाशी त्याने श्वास घेतला आणि सरळ पुढे गेला. मंडपात कुजबुज झाली, कोणी शिटी मारली, बरेच जण उठून गेले. गायकाची बहीण मात्र सबंध गाणंभर मान वळवून इकडेतिकडे बघत राहिली, जणू कोणी यायचं राहून गेलं होतं.

गाणं संपल्यावर ती मंचाच्या पायऱ्या चढून आली. त्याचा चेहरा तिने जवळून, बराच वेळ न्याहाळला.

“तू तो नाहीस,” ती म्हणाली.

“नाही, ताई.”

“गेला रे माझा भाऊ!” असं म्हणून ती तिथेच पायरीवर बसली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने रडली.